पाणी कुठवर आलं होतं?

चिखलीत मला लोक ‘आगवाले’ म्हणत. मी जन्मात कुठं काडी लावली नाही, उलट लागलेल्या आगीची भरपाई मिळवून देणं हा माझा धंदा. पण नाव पडलं ते पडलं. बाजारात बायकोला ‘आगवाल्याची बाई’ म्हणू लागले, तेव्हा ते नाव माझ्यापेक्षा तुलाच जास्त शोभतं, असं मी तिला म्हणालो होतो. एकदाच म्हणालो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सरकारनं अजून या विमा कंपन्या ताब्यात घेतल्या नव्हत्या. माझी कंपनी मुंबईची, शाखा नागपूरला, आणि चिखली-मेहकर भागात ती म्हणजे मी, माझी सायकल आणि एक कातडी बॅग. आयुर्विम्याचा एजंट लोकांना माहीत होता. माणूस मेल्यावर पैसे मिळतात, हे त्यांना पटायचं. घराचा विमा म्हटलं की हसायचे. जिनिंगवाले, कापसाच्या गाठी ठेवणारे, किराणा दुकानदार ही माझी गिऱ्हाइकं. राहतं घर विम्याला देणारी माणसं वर्षाकाठी दोन-चार मिळाली तरी मी पेढे वाटत असे.

बाहेरच्यांना कळावं म्हणून धंद्याची एक गोष्ट सांगतो. तेव्हा घराची पॉलिसी म्हणजे आगीची पॉलिसी. पूर त्यात नसायचा. ज्याला पुराची भीती त्यानं थोडा जास्त हप्ता भरायचा आणि मूळ कागदाला एक चिठ्ठी चिकटवून घ्यायची. चिठ्ठी नसली तर अख्खं घर वाहून गेलं तरी कंपनी विचारणार, जळालं का? आणि चिठ्ठी असली तरी पूर म्हणजे बाहेरून, जमिनीवरून चालत आलेलं पाणी. टिनाच्या भोकातून टपकलेलं पाणी पूर नव्हे. चिखलीच्या एका वकिलांनी हे मला चुकीचं ठरवण्यासाठी दोन तास युक्तिवाद केला. त्यांच्या गादीचा कापूस भिजला होता. मी म्हटलं, वकीलसाहेब, नदी तुमच्या घरी छतातून आली असेल तर मी स्वतः दर्शनाला येतो.

दुसरे एक मेहकरचे व्यापारी भर झडीत एस.टी.तून उतरून, निथळत माझ्या दारात उभे राहिले. “पुलाले पाणी लागून राह्यलं, लवकर पावती फाडा.” तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ पाहिले होते, पण यांची विहीर निघून उंबऱ्यापर्यंत पोचली होती. त्यांना चहा पाजला आणि कोरडा टॉवेल दिला. त्याहून जास्त काही देता येत नव्हतं.

सुरुवातीला मी स्वतः काही कमी गाढव नव्हतो. पूर कुठं येणार हे मी नदीपासूनच्या अंतरावरून ठरवायचो. नदीजवळ राहणाऱ्याला चिठ्ठी घ्यायला लावायची, लांबच्याला सोडून द्यायचं. पैनगंगेकाठच्या एका गावात एका किराणा दुकानदारानं आपणहून विचारलं, पुराचंही घेऊ का? मी त्याला म्हटलं, नदी कुठं, तुम्ही कुठं, उगाच पैसे कशाला घालवता. त्याच पावसाळ्यात त्याच्या दुकानात गुडघाभर पाणी. नदी भरली की तिला मिळणारा नाला अडतो, आणि अडलेलं पाणी नाल्यानं उलटं गावात शिरतं. ऐन काठावरची, पण उंच दरडीवरची घरं कोरडी आणि हा लांबचा माणूस बुडाला. तो मला एका शब्दानं बोलला नाही. पुढच्या वर्षी आपण होऊन चिठ्ठी घेतली. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला आणि घरोघर विचारू लागलो, इथं पाणी येतं का हो? सगळे पुरुष एकच सांगत, आमच्याकडं कधीच नाही. एकानं तर भिंतीला छातीइतक्या उंचीवर ओलीचा डाग असताना, त्याच भिंतीला टेकून सांगितलं. त्याचं कारण मला उशिरा कळलं. पाणी शिरणाऱ्या घरात कोणी पोरगी देत नाही. एकदा गावात बोभाटा झाला की मुलगा तसाच राहतो. मी विम्याचा माणूस असलो तरी उद्या मेहकरच्या हॉटेलात बसून बोलणारच, हे त्यांना ठाऊक होतं.

हा गुंता सोडवला यमुनावहिनींनी. त्या वामन मास्तरांच्या पत्नी. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते आणि पैनगंगेकाठच्या त्याच गावात त्यांनी नवं घर बांधलं होतं. दगडी जोतं, मातीत बांधलेल्या पक्क्या विटांच्या भिंती, वर टिनं. नवराबायको दोघंच. त्याआधी तीस वर्षं वहिनी साखरखेर्ड्याला मास्तरांच्या थोरल्या भावाच्या घरात राहिल्या होत्या. मास्तर नोकरीच्या गावी आणि त्या तिकडं. धान्याच्या खोलीची किल्ली थोरल्या जावेच्या कमरेला. पाहुणा आला तर चहात साखर किती घालायची हेसुद्धा विचारावं लागे. हे मला मास्तरांनी सांगितलं. वहिनी त्यावर एवढंच म्हणाल्या, “आता मले इचारा लागत नाई.”

मी अर्ज भरायला बसलो. ‘या जागी पूर्वी पुराचे पाणी आले आहे काय?’ असा रकाना होता. मास्तर म्हणाले, जागा नवी आहे, आमच्या माहितीत नाही. तेवढ्यात चहा ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, “त्याईले नका इचारू, भाऊ. बाया नदीची ओटी कुठी भरतात थे पाहा.”

आमच्या भागात नदीला पूर आला की सुवासिनी पाण्याच्या कडेला जाऊन तिची ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू वाहून तिला माघारी जायला सांगतात. पाणी गावात आलं तर गल्लीत भरतात. म्हणजे ज्या जागी ओटी भरली, त्या जागी त्या वर्षी पाणी होतं. पुरुष हे विसरतात, बायका विसरत नाहीत. वहिनी मला घेऊन निघाल्या. शेजारच्या पार्वताबाई, सत्तरीच्या, बरोबर आल्या. नाल्याच्या तोंडाशी एक जागा, मारुतीच्या ओट्यापाशी एक, आणि एक पार्वताबाईंच्या सासूच्या काळातली, मास्तरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, जोत्यापेक्षा जेमतेम दोन हात खाली. मी वहीत गल्लीचा नकाशा काढला. इतका खरा नकाशा तहसिलीतही नसेल, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

अर्जात मी खरं तेच लिहिलं. नागपूरनं दोनदा पत्र पाठवून विचारलं, मग हप्ता वाढवून चिठ्ठी दिली. पार्वताबाईंनाही विमा हवा होता. पण त्यांचं घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, वर मातीचंच धाबं. कंपनी मातीच्या भिंती घेत नसे. मी तसं सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला.

पुढच्या वर्षी पोळ्याआधी झड लागली ती सुटेना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी नाल्यानं उलटं चढलं. सगळी गल्ली उंचावरच्या शाळेत जाऊन बसली, म्हणून माणसं वाचली. मास्तरांच्या घरात कमरेइतकं पाणी दीड दिवस उभं होतं. पाणी उतरलं तेव्हा घर उभं होतं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मागची भिंत बसली. हे मातीचं आणि मातीत बांधलेल्या विटांचं असंच असतं. पाण्यात उभं राहतं आणि उन्हात पडतं.

साखरखेर्ड्याहून थोरले भाऊ बैलगाडी घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, मोडक्या घरात कशाला राहता, चला. मास्तरांकडं भिंत बांधायला पैसा नव्हता, निवृत्तीचं होतं ते या घरातच गेलं होतं. त्यांनी आठ-दहा दिवसांची मुदत मागितली. कंपनीनं भरपाई दिली तर राहू, नाही दिली तर गाडी पाठवा. वहिनी आत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

मी नागपूरला तार केली. उत्तर आलं की नुकसान पाहायला सर्व्हेअर शुक्रवारी येतील. मी मेहकरच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर मास्तरांना निरोप धाडला: शुक्रवारी कंपनीचे साहेब घर पाहायला येणार आहेत. एवढाच. आयुष्यात इतका घातक निरोप मी दुसरा धाडला नाही.

शुक्रवारी सर्व्हेअरना घेऊन गेलो. उंच, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. दारात सडा, सडा वाळायच्या आत काढलेली रांगोळी. आत गेलो. जमीन सारवलेली, भिंती पांढऱ्या मातीनं पोतलेल्या, गाळाचा कण नाही. मागच्या पडल्या भिंतीच्या विटा रचून ठेवलेल्या, आणि त्या जागी तुराट्यांचा कूड बांधून तोही लिंपलेला. कुजलेली ज्वारी नदीत सोडली होती. भिजल्या वाकळा गरिबांना दिल्या होत्या. साहेब घर पाहायला येणार आणि घरात चिखल? वहिनींनी शेजारणींना हाताशी धरून चार दिवस कंबर मोडून घर आवरलं होतं. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. ‘आहे तसंच राहू द्या’ हे चार शब्द मी निरोपात घातले नव्हते. माझ्या हातानं मी त्यांच्या पायावर धोंडा पाडला होता.

सर्व्हेअरनी चहा घेतला, घर छान आहे म्हणाले, आणि शांतपणे विचारलं, “नुकसान कुठं आहे?”

मास्तरांनी सुंदर अक्षरात लिहिलेली यादी पुढं केली. त्यांनी वाचली, घडी घातली. म्हणाले, यादी कोणीही लिहू शकतो, मला दिसलं पाहिजे. भिंत पडलेली दिसते, पण ती पुरानंच पडली आणि पाणी कमरेइतकं होतं म्हणता, ते कशावरून? मी त्या भिंतींवर ओलीचा डाग शोधत होतो. वहिनींनी पोतण्यात जराही कुचराई केली नव्हती.

“ह्या बाजूले पाहा,” वहिनी म्हणाल्या.

चुलीजवळच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढी जागा न पोतता सोडली होती. तिथं जुनी गाळकट भिंत दिसत होती आणि तिच्यावर कुंकवाचं एक बोट. पाणी उतरताना पहिल्यांदा घरात आल्या तेव्हा भिंतीवर ओल जिथपर्यंत होती, तिथं त्यांनी ते लावलं होतं. नदी घरात आली, तिला हात जोडले, आणि ती खूण पुसायची नसते म्हणून पोतताना तेवढी जागा सोडली. ही रीत मलाही माहीत नव्हती.

सर्व्हेअर म्हणाले, बाई, तुमच्यावर माझा अविश्वास नाही, पण कुंकू कुठंही लावता येतं. त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पण ते म्हणताना ते दारातून पलीकडं पाहत होते. पार्वताबाईंची अर्धी पडलेली भिंत तिथून दिसत होती, आणि तिच्यावरही लाल ठिपका होता.

मी विचारलं, हे सगळ्यांनीच लावलंय? वहिनी म्हणाल्या, “लावत नाई तर काय? नदी का एकट्या माह्याच घरी आलती?”

गल्लीत एक गवंडी काम करत होता. सर्व्हेअरनी त्याची पाणसळ आणि सूत मागून घेतलं. कोट काढून मास्तरांच्या खुंटीला अडकवला आणि स्वतः सूत धरून निघाले. मास्तरांच्या घरातल्या कुंकवापासून पार्वताबाईंच्या, तिथून पुढच्या, तिथून कोपऱ्यावरच्या. एकेका घरात शिरायचं, बाई पदर सावरत खूण दाखवायची, सूत ताणायचं, पाणसळ लावायची. कुठं खूण गुडघ्याजवळ, कुठं छातीशी, कारण जोती कमीजास्त. पण सूत सगळीकडं सरळ. एखाद्या बोटाचा फरक, तोही एका घरात. शेवटच्या घरातून बाहेर आल्यावर सर्व्हेअरनी सूत गुंडाळलं आणि मला म्हणाले, इतक्या बायका मिळून खोटं बोलू शकतात, पण इतक्या सरळ रेषेत नाही.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते माझ्या धंद्याच्या व्याख्येत बसत नव्हतं.

मग ते परत मास्तरांकडं बसले आणि यादी उघडली. एकेक वस्तू वाचायची आणि ती घरात कुठं होती ते वहिनींनी सांगायचं. खुणेच्या खाली असेल तर बरोबर, वर असेल तर काट. ज्वारीच्या कणग्या खाली. मास्तरांची पुस्तकांची पेटी खाली. वाकळा खाली. मग ‘शिलाई मशीन’ आलं. मास्तर खाली पाहू लागले. कंपनी अर्धंच धरते, तेव्हा थोडं वाढवून लिहा, असं त्यांना कोणीतरी शिकवलं होतं.

“मशीन माळ्यावर ठेवली होती,” वहिनी म्हणाल्या. “भिजली नाई.”

मास्तरांचे कान लाल झाले. सर्व्हेअरनी मशीनवर काट मारली आणि उरलेल्या यादीवर एकही प्रश्न न विचारता सही केली. पडलेली भिंतही त्यांनी धरली. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, त्या एका मशीननं बाकीची सगळी यादी खरी केली. मी आयुष्यभर नव्या एजंटांना हे सांगत आलो. त्यातल्या निम्म्यांना ते खरं वाटलं नाही.

भरपाई आली. साखरखेर्ड्याची गाडी आलीच नाही. ज्या दिवशी चेक नेऊन दिला, त्या दिवशी वहिनींनी चहात इतकी साखर घातली की चमचा उभा राहावा.

पण मी निघालो तेव्हा पार्वताबाई त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. रागावून नाही, सहज विचारावं तसं विचारलं.

“भाऊ, माह्या घरचं कुंकू बी खरं निघालं ना?”

मी म्हटलं, हो.

“मंग आमाले काऊन नाई?”

मातीच्या भिंती, कंपनीचा नियम, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. ज्या घरांच्या साक्षीवर मी एक भरपाई मिळवली, त्यातल्या एकाही घराला माझ्याजवळ काही नव्हतं. सरकारी मदत थोडीफार मिळाली, तिच्यात एक भिंत धड होत नव्हती. त्या वर्षी मी नागपूरला तीन लांबलचक पत्रं लिहिली, की दगडी जोत्याची मातीची घरं तरी घ्या, मी जागा दाखवतो, उंची सांगतो, बायकांच्या खुणांचा नकाशा पाठवतो. तिन्हींना एकच उत्तर आलं, छापील. आज मी आनंदात आहे, माझ्या धंद्यानं मला चांगलं खाऊ घातलं, पण ते छापील उत्तर अजून टोचतं.

पुढच्या वर्षी पॉलिसीच्या नूतनीकरणाला गेलो. मागची भिंत उभी राहिली होती, चुन्यात बांधलेली. पण डोळ्यांत भरला तो माळा. पूर्वी एका कोपऱ्यात होता. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड सागवानी वाशांवर, कुंकवाच्या खुणेपेक्षा पुरुषभर उंच. त्याला जायला बाहेरून, गल्लीतून जिना. मास्तर माझ्याजवळ तक्रार करत होते, दोन माणसांच्या घराला जिनिंगच्या गोदामासारखा माळा कोणी करतो का, भिंतीनंतर उरलेली भरपाई सगळी तिथंच गेली, हिनं माझं ऐकलंच नाही. तक्रार करताना मास्तर हसत होते.

मी नवा अर्ज काढला. रकाने तेच. घरात राहणारी माणसं किती?

वहिनी तूर निवडत होत्या. पार्वताबाई शेजारी बसून त्यांना मदत करत होत्या.

“सुक्यात इचारता का पुरात?” वहिनींनी वर न पाहता विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे?

“सुक्यात आमी दोघं. पुरात पुरी गल्ली.”

पार्वताबाई म्हणाल्या, त्यांची कणगी तर आताच वर नेऊन ठेवली आहे, उगाच ऐनवेळी धावपळ नको. मला माझं काम करणं भाग होतं. मी सांगितलं, वहिनी, पॉलिसी तुमच्या घराची आहे. लोकांचं धान्य वर ठेवलं आणि भिजलं, तर कंपनी त्याचं काही देणार नाही.

“नको देऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “भिजूच देत नाई.”

अर्जावर रकाना एकच होता. मी ‘दोन’ लिहिलं. उभ्या धंद्यात कंपनीपासून मी लपवलेली तेवढी एकच गोष्ट.